वहिनींबरोबर कुळगीला

दांडेली गाव सोडून अंबिकानगरकडे निघालेला रस्ता सागवानाच्या आणि बांबूच्या रानात शिरला, की सुमारे १२ किलोमीटरांवर कुळगी लागते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यातले हे खेडे इतके लहान, की धारवाड-बेळगावकडच्या पुष्कळ मराठी कुटुंबांनाही त्याचे नाव ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना ते वनखात्याच्या निसर्ग-शिबिरामुळे. मोठ्या झाडांच्या सावलीत उभारलेले तंबू, काही खोल्या, रानातील प्राणी-पक्ष्यांची ओळख करून देणारे एक केंद्र, आणि या सर्वांना जोडणाऱ्या सपाट पायवाटा, एवढाच तेथील संसार. सभोवार पसरलेले अरण्य काळी नदीच्या खोऱ्याचे. दांडेलीचे अभयारण्य १९५६ साली घोषित झाले. २००७ साली दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आणि २०१५ पासून त्याला नदीच्याच नावाने, काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून, ओळखले जाते. नदी या तालुक्यातच डिग्गी गावाजवळ उगम पावते व सुमारे १८४ किलोमीटरांचा प्रवास करून कारवारजवळ समुद्राला मिळते.

कुळगीला येणारे बहुतेक लोक वाघाच्या नाही तर काळ्या बिबळ्याच्या आशेने येतात, आणि सांबर, गवे, शेकरू पाहून परततात. आम्ही गेलो ते निराळ्या कारणाने. आमच्या थोरल्या वहिनींच्या छातीत पेसमेकर बसवून पाच आठवडे झाले होते. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले होते, आणि धारवाडच्या घरात त्यांचे चालणे अंगणापलीकडे जात नव्हते. कुठे जायचे, असे विचारताच वहिनींनी कुळगीचे नाव घेतले. लग्न होऊन त्या आल्या त्या दांडेलीच्याच घरी. आमचे थोरले बंधू तेथील कागद कारखान्यात नोकरीला होते. अंबिकानगरची वसाहत उभी राहत असताना त्या रस्त्याने त्या कितीदा तरी गेल्या होत्या. बंधू जाऊन आता नऊ वर्षे झाली. वहिनी एकाहत्तर वर्षांच्या आहेत. ‘आम्ही’ म्हणजे त्यांचा दीर आणि धाकटी जाऊ.

वहिनींचे दुखणे असे होते, की कित्येक महिने ते कोणाच्या ध्यानात आले नाही. छातीत कळ नाही, धाप नाही. अधूनमधून क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी यायची, की झाले. पित्त म्हणावे, वय म्हणावे आणि पुढे जावे. एकदा देवघरासमोर त्या उभ्या होत्या त्या खाली कोसळल्या, तेव्हा तपासण्या झाल्या. चोवीस तास अंगावर बाळगायच्या यंत्राने नोंद केली, की हृदय मधूनच चार-चार सेकंद थांबते आणि पुन्हा आपण होऊन चालू लागते.

आपल्या हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. दर ठोक्याची सूचना तेथून निघते. हा पुंजका १९०७ साली इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी शोधून काढला. फ्लॅक तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. निसर्गाने दिलेला पेसमेकर तो हाच. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला लाखाच्या वर सूचना तो देतो, आणि सत्तर वर्षांनंतर त्याला थकवा आला तर नवल नाही. वहिनींचा पुंजका थकला होता. गळपट्टीच्या हाडाखाली, डाव्या बाजूस, कातडीच्या आत एक चपटी धातूची डबी बसवली गेली. डबी टायटॅनियमची, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, आत लिथियमची बॅटरी आणि विजेचे सूक्ष्म मंडल. तिच्यातून निघालेली तार शिरेतून हृदयात गेली. गुंगीचे औषध नाही, केवळ जागा बधिर केलेली, तासाभराचे काम. तिसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या.

शस्त्रक्रिया लहान होती. तिच्यानंतरचे दिवस मात्र घराला लांब वाटले. घरी आल्या दिवसापासून वहिनींचा डावा हात आणि सारे घर यांच्यात एक करार झाला. तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्याने जड उचलायचे नाही, त्याला हिसका द्यायचा नाही. कारण हृदयात टेकवलेल्या तारेचे टोक तेथे पक्के रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. एवढ्या एका नियमाने बाईमाणसाच्या दिवसातले किती काही बदलते, हे पुरुषांच्या सहसा ध्यानात येत नाही. दोरीवर लुगडे वाळत घालता येत नाही. फडताळातला वरचा डबा काढता येत नाही. आणि सर्वांत कठीण म्हणजे स्वतःचा अंबाडा स्वतःला घालता येत नाही, कारण त्याला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात. वयाच्या बाराव्या वर्षापासून ज्या बाईने आपली वेणी आपण घातली, तिने रोज सकाळी धाकट्या जावेपुढे पाठमोरे बसायचे. वहिनी बसत, बोलत काही नसत.

बाकीची काळजी घरात सर्वांनी वाटून घेतली होती. बेंगळूरहून मुलगा दिवसातून तीनदा फोन करी. रात्री कोणी तरी वहिनींच्या खोलीत निजे. त्या न्हाणीघरात गेल्या, की बाहेरून हाक मारली जाई. सकाळ-संध्याकाळ नाडी मोजून वहीत आकडा लिहिला जाई. हे सारे प्रेमाचेच होते. पण वहिनींचे बोलणे दिवसेंदिवस कमी होत गेले, हेही खरे. घरातून एकटीने बाहेर पडायचे त्या नावच काढीनात. यंत्र बसले, जखम भरली, नाडी साठाच्या खाली एकदाही उतरली नाही. पण स्वतःच्या पायांवरचा विश्वास काही परत येईना.

प्रवासाआधी तपासणीसाठी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी छातीवर एक लहान उपकरण ठेवून आतल्या यंत्राची नोंद वाचली. ते म्हणाले, “पाच आठवड्यांत शंभरातले सुमारे वीस ठोके यंत्राने दिले. ऐंशी यांच्या हृदयाने स्वतःच दिले आहेत.” वहिनींनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांची समजूत अशी होती, की आता हृदय चालते ते यंत्रामुळेच. वस्तुस्थिती तशी नव्हती. अगदी आरंभीचे पेसमेकर ठरलेल्या वेगाने, हृदयाला हवे असो वा नसो, सूचना देत राहत. १९६०च्या दशकात हे बदलले. तेव्हापासूनचे यंत्र आधी हृदयाचे ऐकते. हृदयाने आपला ठोका वेळेवर दिला, तर ते गप्प राहते. ठरलेल्या अवधीत ठोका आला नाही, तरच ते आपली सूचना देते. आमच्या या लेखातले जे काही सांगण्यासारखे आहे, ते या एका गोष्टीतून निघते. कुळगीच्या मुक्कामात ते आमच्या नीट ध्यानात आले.

धारवाडहून हल्याळमार्गे दांडेली सुमारे ६० किलोमीटर. निघताना पहिला प्रश्न आला तो मोटारीतल्या पट्ट्याचा. आपल्याकडच्या गाडीत डाव्या बाजूस बसणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून पट्टा येतो, म्हणजे नेमका नव्या जखमेवर. म्हणून वहिनींना चालकाच्या मागे, उजव्या खिडकीशी बसवले. तेथे पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. पट्टा टाळू नये. नाइलाजाने डाव्या बाजूस बसावे लागले, तर जखम आणि पट्टा यांच्यामध्ये मऊ पंचाची घडी ठेवावी. वाटेत दर तासाने उतरून चार पावले चालायची, एवढाच दुसरा नियम. हल्याळच्या पुढे शेते मागे पडली आणि साग सुरू झाला. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. सागाची पाने गळून गेलेली, आणि मध्येच एखादा पळस आपला सारा रंग उधळून उभा. वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. दांडेलीत कारखान्याची धुरांडी दिसली, तेव्हा त्या कितीतरी दिवसांनी आपण होऊन बोलल्या. म्हणाल्या, “भावजी, पूर्वी वारा फिरला की आम्हांला घरात बसून कळायचे, आज लगदा शिजतोय म्हणून.”

कुळगीच्या शिबिरात आम्ही चार दिवस राहिलो. जागेची निवड आम्ही विचार करून केली होती. रान असले तरी पायवाटा सपाट, चढ-उतार नाही. दांडेलीसारखे डॉक्टरांची सोय असलेले गाव अर्ध्या तासावर. जेवण शिबिराच्या भोजनगृहात. स्वयंपाकाची दगदग नाही. मोबाइलला कधी सूर लागे, कधी नाही; तेव्हा निघण्यापूर्वीच बेंगळूरच्या मुलाला सांगून ठेवले, की दिवसातून एकदा, संध्याकाळी, आम्ही फोन करू. वाघाच्या रानात शिबिराच्या आवाराबाहेर पायी हिंडण्याची मुभा अर्थातच नसते. आम्हांला तशी गरजही नव्हती. उघड्या जीपमधून रानात नेण्याची सोय आहे. पण डॉक्टरांनी हिसके टाळायला सांगितल्यामुळे जीपचा नाद आम्ही सोडला. प्रचंड खडकासाठी प्रसिद्ध असलेले सिंथेरीही राहिले, कारण तेथे पुष्कळ पायऱ्या उतराव्या आणि चढाव्या लागतात. आजारानंतरच्या पहिल्या प्रवासात काय पाहायचे नाही, हे आधी ठरवले, म्हणजे जे पाहायचे ते निवांतपणे पाहता येते.

पहिल्याच संध्याकाळी वहिनींच्या मनात एक शंका आली. कुळगीहून पुढे अंबिकानगर, आणि तेथून जवळच नागझरीचे वीजघर. काळीचे पाणी डोंगरावरून खाली नेऊन तेथे सहा संचांवर वीज निर्माण केली जाते. त्या विजेच्या उंच मनोऱ्यांच्या रांगा या रानावरून दूरवर गेल्या आहेत. “या तारांखालून गेले तर माझ्या यंत्राला काही व्हायचे नाही ना?” असे वहिनींनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आम्ही डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवले होते. रस्त्याने जाताना उंचावरच्या तारांखालून जायला हरकत नसते. जेथे जाळीचे कुंपण घालून धोक्याची पाटी लावलेली असते, त्या वीज उपकेंद्राच्या आत मात्र जाऊ नये. घरातल्या वस्तूंतही असाच तारतम्यभाव ठेवावा. मिक्सर, दूरदर्शन, धुलाईयंत्र, मायक्रोवेव्ह यांच्याशी वैर नाही. मोबाइल यंत्रापासून वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटर, लांब ठेवावा व उजव्या कानाला लावावा. छातीजवळच्या खिशात ठेवू नये. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फुटांवर उभे राहावे. लोहचुंबक छातीपाशी आणू नये. हल्लीच्या काही मोबाइलच्या पाठीमागे आणि कानात घालायच्या यंत्रांतही तो असतो. चालू मोटारीच्या उघड्या इंजिनावर ओणवे होऊ नये. वेल्डिंग चालले असेल तेथून दूर व्हावे. विमानतळावर किंवा देवळाच्या दारात धातू शोधणारी कमान असते. तिच्यातून न रेंगाळता जावे, आणि पेसमेकरचे ओळखपत्र दाखवावे. ते ओळखपत्र प्रवासात सदैव जवळ हवे. वहिनींनी ते आपल्या बटव्यात, देवाच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवले आहे.

दुसरा दिवस धनेशांचा गेला. या भागात धनेशाच्या चार जाती आढळतात: मोठा धनेश, मलबारी कवड्या, मलबारी राखी आणि साधा राखी. सकाळी राखी धनेशाचे ओरडणे ऐकू आले. ते ऐकणाऱ्याला कोणी तरी कर्कश हसते आहे असेच वाटते. मग एका उंबरावर पाच कवड्या धनेश येऊन बसले. पांढरे-काळे अंग आणि चोचीवर दुसरी चोच ठेवावी तसे ते शिंग. दुर्बीण आणलेली होती. पण तिचा पट्टा गळ्यात घातला, तर ती नेमकी जखमेवर आपटणार, आणि झाडाच्या शेंड्याकडे रोखायची तर कोपर वर उचलावे लागणार. अखेर वनरक्षकाने एक आरामखुर्ची आणून दिली. तिच्यात मागे रेलून बसल्यावर मान आपोआप वर झाली, कोपरे खुर्चीच्या हातांवर टेकली, आणि वहिनींनी हात मुळीच न उचलता पाऊण तास पक्षी पाहिले.

हा वनरक्षक हल्याळकडचा. आमच्याशी मराठीत बोलला, स्वयंपाक्याशी कोकणीत, आणि फोनवर साहेबांशी कानडीत. जोयडा तालुक्याचे हे नित्याचेच आहे. कुणबी कोकणी बोलतात, गवळी धनगरांच्या घरात मराठी असते, आणि सिद्दी लोकांच्या वस्त्यांवर या सगळ्या भाषा एकमेकींत मिसळतात. त्याने धनेशांच्या विणीची हकीकत सांगितली. मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, आणि ढोलीचे तोंड चिखल-विष्ठेने लिंपून टाकले जाते. राहते ती केवळ एक फट. नर त्या फटीतून तिला फळे भरवीत राहतो. मोठ्या जातींत हा बंदिवास दोन-तीन महिन्यांचा असतो. वहिनींनी ऐकून घेतले आणि विचारले, “शेवटी तिला बाहेर येऊ देतात ना?” वनरक्षक हसून म्हणाला, “ती आपणच भिंत फोडून येते, बाई. नराला विचारत नाही.” त्यावर आम्ही तिघेही हसलो, पण वहिनींचे हसणे जरा अधिक वेळ टिकले.

दुपारी विश्रांतीच्या वेळी आम्ही वहिनींना आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कारोलिन्स्का रुग्णालयात या स्वीडिश गृहस्थांना बसवण्यात आला. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, आणि दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध होत असत. अभियंते रुने एल्मक्विस्ट आणि शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांच्यामागे लार्सन यांच्या पत्नीने लकडा लावला, म्हणून ते यंत्र तयार झाले. बूटपॉलिशच्या डबीएवढे ते यंत्र काही तासांतच बंद पडले, आणि दुसरे बसवावे लागले. पुढे आयुष्यात त्यांना वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. लार्सन वारले ते २००१ साली, ८६ व्या वर्षी, त्वचेच्या कर्करोगाने. हृदयाने त्यांना दगा दिला नाही. वहिनींनी हिशेब केला, “म्हणजे त्रेचाळीस वर्षे. आणि यातली बॅटरी किती पुरते?” साधारण आठ ते बारा वर्षे, हे उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, “तेवढी तर पुरवून वापरू.”

तिसऱ्या दिवशी मोटारीने गणेशगुडीकडे गेलो. काळीवरचे सुपा धरण १०१ मीटर उंच आहे व १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली सुपा नावाचे जुने गाव गेले. या तालुक्याचे नावही पूर्वी सुपा असेच होते. गाव बुडाल्यावर ठाणे जोयड्याला आले, आणि विस्थापितांची वस्ती रामनगर येथे झाली. वहिनींनी सुपा पाहिलेले. १९७८च्या सुमारास तेथे एका लग्नाला त्या गेल्या होत्या. दुरून ते पाणी पाहत त्या आठवून आठवून सांगू लागल्या: देऊळ कोठे होते, बाजार कोठे भरे, वऱ्हाड कोणत्या घरी उतरले. त्या लग्नातील नवरीशी पुढे रामनगरात त्यांची भेट झाली होती. “पहिली दोन वर्षे ती नव्या घरात जुन्या घरासारखीच वागायची म्हणे. अंधारात उठली की न्हाणीघर डावीकडे शोधायची. नव्या घरात ते उजवीकडे. मग हळूहळू हाताला सवय झाली.” एवढे सांगून त्यांनी आपला डावा हात कोपरापासून सावकाश पुढे-मागे हलवला. हा व्यायाम डॉक्टरांनीच सांगितलेला. हात वर न्यायचा नाही याचा अर्थ तो अंगाशी बांधून ठेवायचा असा नव्हे. तसे केले तर खांदा आखडतो, आणि यंत्रापेक्षा त्याचेच दुखणे अधिक दिवस टिकते.

चौथ्या दिवशी पहाटे जाग आली, तेव्हा वहिनींचा पलंग रिकामा होता. अंथरुणाची घडी घातलेली, काठी जागेवर नाही, बटवाही नाही. तंबूबाहेर आलो. धुके होते, आणि आवाराच्या फाटकाकडे जाणाऱ्या वाटेवर पांढरी शाल दूर जाताना दिसत होती. वाट सपाट, आवारातली. फाटकाशी पहारेकरी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि पायरीवर बसून राहिलो.

त्या वेळी आम्हांला डॉक्टरांनी सांगितलेला तो हिशेब आठवत होता. यंत्र प्रत्येक ठोक्याला पुढे धावत नाही. ते जागे असते, ऐकत असते, ठरल्या अवधीपर्यंत थांबते, आणि गरज नसेल तर काहीच करीत नाही. त्याचे मोठे काम हे गप्प राहण्याचे आहे. त्याने दर ठोका आपणच द्यायचे ठरवले, तर बॅटरी लवकर संपेल, आणि हृदयाच्या स्वतःच्या तालाशी तंटा होईल तो निराळाच. शुश्रूषा करणाऱ्यांनाही हाच अवधी ठरवावा लागतो. आम्ही तो मनाशी ठरवला. अर्धा तास. तोवर उठायचे नाही, आणि त्यानंतर बसायचे नाही.

सव्वीस मिनिटांनी वहिनी परत आल्या. पदराच्या ओच्यात वाटेवर पडलेली चार पळसाची फुले होती. आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “दोन खेपा केल्या फाटकापर्यंत. एकदा पाय थबकला, भीती वाटली. उभी राहिले. नाडी पाहिली आपली आपण. चालू होती. मग पुढे गेले.” त्यानंतर त्यांनी चहा मागितला. सकाळचा आकडा वहीत लिहायचा राहिला, आणि कोणी त्याची आठवण केली नाही.

त्याच रात्री जेवणानंतर वहिनींनी एक विषय काढला, जो घरात कोणीही काढला नसता. “मी गेल्यावर या डबीचे काय करायचे, ते तुम्हांला ठाऊक असू द्या,” असे त्या म्हणाल्या. विषय अशुभ म्हणून टाळण्यासारखा नाही, म्हणून येथे लिहितो. मृत्यूनंतर पेसमेकर मनुष्याला जिवंत ठेवीत नाही. स्नायूच प्रतिसाद देईनासा झाला, की त्याच्या सूचनेला अर्थ उरत नाही. परंतु दहनापूर्वी तो काढून घ्यावाच लागतो, कारण चितेच्या वा विद्युतदाहिनीच्या उष्णतेने त्याच्या बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. इंग्लंडमध्ये सोलिहल येथे १९७६ साली असा पहिला प्रसंग नोंदला गेला. काढण्याचे काम दहा मिनिटांचे, पण ते डॉक्टरांनी किंवा जाणत्या कर्मचाऱ्याने करायचे. म्हणून घरच्यांपैकी निदान दोघांना त्याची कल्पना असावी. काढलेले यंत्र वायाच जाते असेही नाही. अमेरिकेत अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी दिलेले पेसमेकर तपासून, निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना बसवण्यात आले, आणि त्याचा अनुकूल वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही सोय सर्वत्र नाही, व तिला नियमांची बंधने आहेत. तरीही वहिनींनी ते ऐकले आणि म्हणाल्या, “कोणाच्या उपयोगी पडले तर द्या. नाही तर डॉक्टर सांगतील तसे करा. पण धावपळीत विसरू नका.” त्या शांतपणे झोपल्या. आम्हांला झोप उशिरा लागली. परंतु ती धास्तीची जाग नव्हती.

ज्या कुटुंबांत असे यंत्र घेऊन कोणी नुकतेच घरी आले असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. जखमेवर लाली, सूज, पू किंवा ताप दिसला. पुन्हा अंधारी आली वा शुद्ध हरपली. उचकी थांबेना, किंवा छातीचा स्नायू आपोआप उडू लागला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. ठरल्या वेळच्या तपासण्या चुकवू नयेत. गाडी चालवणे, पोहणे, जड काम यांची मुभा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. शबनम पिशवी यंत्राच्या बाजूच्या खांद्यावर अडकवू नये. सहा आठवड्यांपर्यंत साष्टांग नमस्काराऐवजी हात जोडले तरी देवाला पोचतात. आणि कुळगीला जायचे असेल, तर पावसाळा टाळावा, वनखात्याकडे आधी जागा राखून ठेवावी, औषधे चार दिवस अधिक न्यावीत, आणि मुक्कामी पोचल्याबरोबर जवळचे रुग्णालय कोठे, हे विचारून घ्यावे.

परतताना दांडेलीत वहिनींनी आपले जुने घर रस्त्यावरूनच पाहिले, उतरल्या नाहीत. पुढल्या आठवड्यात सहा आठवडे पुरे झाले, आणि डॉक्टरांनी हात वर करायला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी धाकटी जाऊ फणी घेऊन त्यांच्या खोलीत गेली. वहिनींचा अंबाडा झालेला होता. जरा एका बाजूला कललेला होता. पण त्याला कोणी हात लावला नाही. आता त्यांनी सिंथेरीच्या पायऱ्यांची चौकशी सुरू केली आहे. दिवाळीनंतर जायचे म्हणतात.